शहरातली मोटार आणि तिचा विमा

आपल्या गावांतून पुष्कळ मुले मुंबईला, पुण्याला गेली आहेत. कोणी टॅक्सी चालवतो. कोणी नोकरी करतो आणि दोन पैसे गाठीला बांधून स्वतःची मोटार घेतो. मोटार घ्यायची म्हणजे रक्कम थोडीथोडकी नव्हे. कोणी बँकेचे कर्ज काढतो. कोणाच्या घरचे दागिने मोडतात. कोणाचा बाप गावाकडे म्हैस विकतो आणि पैसे पाठवतो.

मोटार दारात आली की नारळ फोडतात. चाकाखाली लिंबू ठेवतात. पेढे वाटतात. हे सारे हौसेने होते. पण मोटारीबरोबर एक कागद येतो, तो कोणी वाचत नाही. तो विम्याचा कागद. त्याला पॉलिसी म्हणतात. मालकाला विचारले तर तो सांगतो, "विमा हाय की! पैसे भरल्यात." पण कसला विमा आहे, कोणासाठी आहे, त्यात काय नाही, हे त्याला ठाऊक नसते. ते कळते अपघात झाल्यावर. तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा हा कागद काय सांगतो, ते आपण नीट समजून घेऊ.

विमा म्हणजे काय?

गावात एखाद्याचे घर जळाले तर काय होते? कोणी वासे देतो, कोणी कौले देतो, कोणी पायलीभर ज्वारी देतो. सगळ्यांनी थोडे थोडे दिले की एकाचे घर उभे राहते. विमा ही अशीच रीत आहे. फरक इतकाच की इथे सारे लिहून ठेवलेले असते.

हजारो मोटारमालक दर वर्षी कंपनीकडे पैसे भरतात. त्या पैशाला हप्ता म्हणतात. ज्याच्यावर संकट येते, त्याला त्या पैशातून भरपाई मिळते. वर्षभरात काही झाले नाही, तर हप्ता परत मिळत नाही. म्हणून काही जण म्हणतात, "पैसे फुकट गेले." पण आपण शेतावर राखणदार ठेवतो. चोर आला नाही, म्हणून त्याची मजुरी परत मागतो का? तसेच हे आहे.

विमे दोन आहेत

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. मोटारीचा विमा एक नाही, दोन आहेत. एक दुसऱ्याच्या नुकसानीचा, आणि एक आपल्या मोटारीचा.

पहिल्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. पहिला मोटारमालक, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा माणूस. आपल्या मोटारीने त्याला इजा झाली, तो दगावला, किंवा त्याच्या मालाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या विम्यातून होते.

हा विमा सक्तीचा आहे. आपल्या देशात १९३९ साली मोटारींचा कायदा झाला आणि १९४६ पासून हा विमा सक्तीचा झाला. आज १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे, त्यातही ही सक्ती कायम आहे. विम्याशिवाय मोटार रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळेस २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे २०१९ च्या दुरुस्तीने ठरले आहे. पुन्हा तोच गुन्हा केला तर दंड ४,००० रुपये.

ही सक्ती कशासाठी? समजा, मोटारीने एका मजुराला उडवले. तो घरचा एकटा कमावता. मोटारवाल्याच्या खिशात पैसे नाहीत. मग त्या मजुराच्या बायकापोरांनी काय करावे? सरकारने हा विचार केला आणि म्हटले, पैसे देण्याची सोय आधी करा, मग रस्त्यावर या.

उलट बाजूनेही पाहा. दगावलेल्या माणसाची भरपाई लाखांत ठरते. विमा नसला तर ती मालकाला स्वतः भरावी लागते. मोटार तर जातेच, गावाकडची जमीनही जाण्याची वेळ येते.

दुसरा विमा आपल्या स्वतःच्या मोटारीचा. मोटार ठोकली, चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली, दंगलीत फुटली, तर या विम्यातून भरपाई मिळते. हा सक्तीचा नाही. दोन्ही विमे एकत्र घेतले की लोक त्याला फुल विमा म्हणतात.

येथेच लोक फसतात. नुसता थर्ड पार्टी विमा असतो आणि मोटार चोरीला जाते. मालक कंपनीच्या दारात जातो. कंपनी सांगते, "हा विमा तुमच्या मोटारीचा नव्हेच." यात कंपनीची लबाडी नाही. कागदावर तसेच लिहिलेले असते.

नवी मोटार घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या मोटारीचा विमा मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. मालकाला वाटते, तीन वर्षे घोर नाही. पण वर्ष सरले की अर्धा विमा संपलेला असतो. म्हणून कागदावर दोन तारखा शोधा. दोन्ही विम्यांची शेवटची तारीख वेगवेगळी लिहिलेली असते.

घरच्या माणसांचे काय?

मोटार चालवणारा मालक स्वतःच्या चुकीने दगावला, तर थर्ड पार्टी विमा त्याच्या घरच्यांना काही देत नाही. कारण तो तिसरा माणूस नव्हे. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा आहे. तो १५ लाख रुपयांचा असतो. मालकाच्या नावाने मोटार असेल आणि त्याच्याकडे लायसन असेल, तर हा विमा घ्यावाच लागतो. आधीच तेवढ्या रकमेचा दुसरा अपघात विमा असेल, तर मात्र तो पुन्हा घेण्याची गरज नाही. या विम्यात वारसाचे नाव लिहितात. ते बायकोचे किंवा मुलांचे नाव बरोबर लिहिले आहे ना, ते आपल्या डोळ्यांनी वाचून पाहावे.

मोटारीत बसलेल्या सोयऱ्याधायऱ्यांचेही ध्यानात ठेवा. साध्या थर्ड पार्टी विम्यात खाजगी मोटारीतल्या पाहुण्यांची जोखीम सहसा येत नाही. फुल विम्यात ती येते. बायकामुलांना घेऊन गणपतीला गावी येणाऱ्याने याचा विचार करावा.

हप्ता कसा ठरतो?

थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सरकार ठरवते. मोटारीचे इंजिन जेवढे मोठे, तेवढा हप्ता जास्त. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यांत खाजगी मोटारीचा एका वर्षाचा हप्ता असा होता. १,००० सीसीपर्यंतच्या लहान मोटारीला २,०९४ रुपये. त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. त्याहून मोठ्या मोटारीला ७,८९७ रुपये. वर कर निराळा. भाड्याच्या टॅक्सीचे दर वेगळे आणि जास्त असतात. खाजगी मोटार मुंबईची असो की एखाद्या खेड्यातली, हा हप्ता एकच. म्हणून थर्ड पार्टीसाठी कोणी एजंट "शहराचा दर" म्हणून जास्त मागत असेल तर देऊ नये.

आपल्या मोटारीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनी ठरवते. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना ही मोकळीक आहे. म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर विचारावेत. त्याच मोटारीला एक कंपनी जास्त सांगते, दुसरी कमी सांगते.

या विम्यात शहराचा संबंध येतो. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन भाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे पहिल्या भागात. बाकी सारा देश दुसऱ्या भागात. मोठ्या शहरात गर्दी फार, ठोकाठोकी फार, चोऱ्या फार. म्हणून तेथे हप्ता जास्त.

किती जास्त? १,००० ते १,५०० सीसीची, पाच वर्षांच्या आतली, ४ लाख रुपये किमतीची मोटार धरा. त्या दरपत्रकाप्रमाणे पुण्या-मुंबईत हप्ता १३,१३२ रुपये येई आणि इतर ठिकाणी १२,७६४ रुपये. फरक ३६८ रुपयांचा. एवढ्यासाठी कोणी सांगेल, "मोटार मुंबईत वापरा, पण कागदावर गावचा पत्ता लावा." तसे करू नका. चारशे रुपये वाचवताना खोटे लिहिले, तर चार लाखांच्या भरपाईत खोट निघेल.

मोटारीची किंमत

पॉलिसीवर मोटारीची किंमत लिहिलेली असते. मोटार चोरीला गेली किंवा तिचा पार चुराडा झाला, तर याच किमतीवरून भरपाई मिळते. मोटार जुनी होईल तशी ही किंमत उतरते. एक वर्ष झाले आणि दोन वर्षे व्हायची आहेत, तर नव्या किमतीतून शेकडा २० वजा होतात. म्हणजे नवी मोटार ५ लाखांची असेल तर ४ लाख धरतात. दोन ते तीन वर्षांच्या मोटारीला शेकडा ३० वजा, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांपुढे मालक आणि कंपनी मिळून किंमत ठरवतात.

काही एजंट हप्ता कमी दाखवण्यासाठी ही किंमतच कमी लिहितात. मालक खूश होतो. पण मोटार गेली की भरपाईही कमी मिळते. म्हणून हप्ता किती हे विचारताना किंमत किती लिहिली, तेही विचारावे.

भरपाई पुरी का मिळत नाही?

"फुल विमा होता, तरी पदरचे पैसे का भरावे लागले?" असे पुष्कळ जण विचारतात. याची कारणे दोन.

एक, प्रत्येक भरपाईतून ठरावीक रक्कम मालकाने सोसायची असते. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये. त्याहून मोठीला २,००० रुपये.

दोन, जुना भाग काढून नवा बसवला, तर नव्याची पुरी किंमत कंपनी देत नाही. रबर आणि प्लॅस्टिकचे भाग, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत धरतात. शहरात सर्वांत जास्त फुटतो तो बंपर, आणि तो प्लॅस्टिकचा असतो. समजा, बंपर ८,००० रुपयांचा आहे. निम्मे गेले, राहिले ४,०००. त्यातून १,००० वजा. हातात आले ३,०००.

हे निम्मे जाऊ नयेत, यासाठी जादा हप्ता भरून एक सवलत घेता येते. तिला झिरो डेप म्हणतात. ती असती तर त्याच बंपरचे ७,००० रुपये मिळाले असते. मोटार नवी असेल आणि रोज शहराच्या गर्दीत जात असेल, तर ही सवलत घेणे बरे. मोटार जुनी झाली की कंपन्या ती सहसा देत नाहीत.

पावसाळ्याचे पाणी

मुंबईचा पाऊस आपण जाणतो. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मोटारी जागच्या जागी बुडाल्या.

पुराच्या पाण्याने झालेली हानी फुल विम्यात येते. पण एक मेख आहे. मोटार पाण्यात बंद पडते. मालक घाबरतो आणि पुन्हा पुन्हा चावी फिरवतो. पाणी इंजिनात शिरते आणि इंजिन मोडते. मग कंपनी म्हणते, "हे पुराने नाही झाले, तुम्ही केले." इंजिनासाठी जादा हप्त्याची वेगळी सवलत आहे. ती नसेल तर हा खर्च अंगावर येतो, आणि इंजिनाचा खर्च फार मोठा असतो. म्हणून सखल भागात मोटार ठेवणाऱ्याने ही सवलत घ्यावी. आणि सवलत असो नसो, पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा चालू करू नये. ती ओढून गॅरेजात न्यावी आणि कंपनीला फोन करावा.

लहानसहान भरपाई मागावी का?

वर्षभर भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या मोटारीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर शेकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एकदा भरपाई मागितली की ही सूट सहसा पार जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आता हिशेब करू. समजा, हप्ता १२,००० रुपये आहे आणि यंदा भरपाई न मागितल्यास पुढच्या वर्षी शेकडा ४५ सूट मिळणार आहे. म्हणजे ५,४०० रुपये वाचणार. एवढ्यात मोटारीला पोचा आला. दुरुस्तीला ३,००० लागतात. कंपनी १,००० वजा करून फार तर २,००० देईल. दोन हजारांसाठी पाच हजार चारशे घालवायचे का? नाही. असा पोचा पदरचे पैसे घालून काढावा. विमा मोठ्या संकटासाठी राखावा.

ही सूट मालकाची असते, मोटारीची नव्हे. जुनी मोटार विकून नवी घेतली तर ती नव्या मोटारीला लावता येते. मात्र विमा संपल्यावर ९० दिवसांच्या आत तो पुन्हा काढला नाही, तर सूट जाते.

कशाने विमा बुडतो?

विमा असूनही कंपनी आपल्या मोटारीची भरपाई नाकारू शकते. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तो दारू प्यालेला असेल, तर भरपाई मागायला तोंड राहत नाही. पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार भाड्याने पिटाळली, तरी तेच. सीझनला चार पैसे मिळतात म्हणून शहरातून गावाकडे भाडे मारणारे पुष्कळ आहेत. भाडेच मारायचे तर पिवळ्या पाटीचा परवाना आणि त्याचा विमा घ्यावा.

मोटार विकली तर आरसी बुकावरचे नाव लगेच बदलून घ्यावे. "पैसे मिळाले, झाले" असे म्हणून थांबू नये. कागदावर ज्याचे नाव, तोच मालक धरला जातो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. मोटार दुसऱ्याने ठोकायची आणि दावा आपल्यावर यायचा, असे होते. जुनी मोटार विकत घेणाऱ्यानेही १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा.

मग कोणता विमा घ्यावा?

मोटार नवी आहे, कर्ज फिटायचे आहे, ती रात्री रस्त्यावरच उभी राहते, तर फुल विमा घ्यावा. मोटार गेली तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, हे विसरू नये.

मोटार फार जुनी आहे, तिची किंमतच थोडी राहिली आहे, तर नुसता थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा घेऊन भागेल. पण मोटारीत घरची माणसे नेहमी बसत असतील, तर त्यांची जोखीम कोणत्या विम्यात येते, ते विचारून मगच ठरवावे.

थर्ड पार्टीखाली मात्र जाऊ नये. तो विमा एक दिवसही चुकवू नये. अपघात तारीख पाहून येत नाही.

अपघात झालाच तर

आधी जखमी माणसाला दवाखान्यात न्यावे. मग पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. कंपनीचा माणूस मोटार पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. मोटार चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसात फिर्याद द्यावी आणि दोन्ही चाव्या सांभाळून ठेवाव्यात.

आपल्या गावचा माणूस शहरात मोटारीखाली सापडला, तर घरच्यांनी हातपाय गाळू नयेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा उशीर करू नये. मोटार पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तरी सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये, असे तिचे दर ठरले आहेत.

कंपनीने भरपाई अडवली तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. तेथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. तेथे फी लागत नाही.

ज्याच्या घरी मोटार आहे, त्याने आज एवढे करावे. पॉलिसी बाहेर काढावी. कोणता विमा आहे, कोणत्या तारखेला संपतो, मोटारीची किंमत किती लिहिली आहे, वारस कोण आहे, या चार गोष्टी शोधाव्यात. मुलगा शहरात असेल तर त्याला फोन करून त्या वाचून दाखवायला सांगावे. जे कळणार नाही ते एजंटाला विचारावे. सांगताना त्याला कंटाळा आला, तरी पुरते कळेपर्यंत विचारावे. पैसे आपले आहेत, आणि सही करणारा हातही आपलाच आहे.